कपडे धुताना सुटणारा प्लास्टिकचा तूस: घरात किती अडवता येतो?

रानवेल

चर्चेचा हा धागा काढायला कारण झालं एक निळं फ्लीसचं जॅकेट. ते धुताना मशीनचा सांडपाण्याचा पाइप मी मोरीत न सोडता बादलीत सोडला आणि सगळं पाणी घट्ट विणीच्या पांढऱ्या कापडातून गाळलं. कापड वाळल्यावर त्यावर निळसर लव बसलेली होती. बोटाने गोळा केली तर हरभऱ्याएवढी गोळी झाली. भिंगाखाली धरली तेव्हा एकेक तंतू सुटा दिसला, केसापेक्षा बारीक. जॅकेट तिकडे दोरीवर वाळत होतं, दिसायला जसंच्या तसं. चार वर्षं वापरतेय, ना विटलं ना विरलं. तरी दर धुण्याला त्याचा थोडा भाग पाण्याबरोबर चालला होता आणि मला पत्ता नव्हता.

फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर, आणि पॉलिएस्टर म्हणजे पाण्याच्या बाटलीचंच प्लास्टिक, ओढून तंतू केलेलं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. २००४ मध्ये रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी समुद्रातल्या या बारीक कणांवर जो शोधनिबंध लिहिला, त्यानंतर हा शब्द रुळला. २०११ मध्ये मार्क ब्राउन यांच्या गटाने सहा खंडांतल्या १८ किनाऱ्यांवरची वाळू तपासली. तिथले तंतू आणि कपडे धुतलेल्या पाण्यातले तंतू जातीने जुळले. एका कपड्यातून एका धुण्यात १,९०० हून जास्त तंतू सुटू शकतात, असं त्यांनी मोजलं. पुढे २०१६ मध्ये प्लिमथ विद्यापीठात इमोजेन नॅपर आणि थॉम्पसन यांनी सहा किलोच्या धुण्याचा हिशेब मांडला: ॲक्रिलिकमधून ७ लाख २८ हजार तंतू, पॉलिएस्टरमधून ४ लाख ९६ हजार, पॉलिएस्टर-सुती मिश्रणातून १ लाख ३८ हजार.

वाचून मी हादरले. पण नुसतं हादरून काय करायचं? म्हणून तीन गोष्टी विचारते. मशीनवर 'नाजूक कपडे' लावलं तर तूस कमी सुटतो का? हाताने धुणं बरं की मशीनमध्ये? आणि पकडलेला तूस टाकायचा कुठे? मी सध्या तो एका बरणीत साठवतेय.

यंत्रमित्र

उत्तम धागा. मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर बोलतो. पण आधी एक गैरसमज दूर करू दे, कारण हा मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो. मशीनच्या खालच्या झाकणामागे असणारा फिल्टर पंप वाचवण्यासाठी आहे. नाणी, बटणं, केसांच्या पिना अडवायला. त्याच्या फटींतून आगकाडी आरामात जाते, तुमचा निळा तंतू तर वाट सुद्धा वाकडी न करता जाईल. टॉप लोडच्या टबात जी जाळीची छोटी पिशवी असते तिच्यात गुंतवळ अडकते, सुटे तंतू निघून जातात. म्हणजे 'आमच्या मशीनला फिल्टर आहे' हे वाक्य खरं असलं तरी या कामाला उपयोगाचं नाही.

आता नाजूक सायकल, म्हणजे मशीनचं 'नाजूक कपडे' हे चक्र. नावावरून वाटतं की ती कपड्याला जपत असेल. ड्रम सावकाश फिरतो, हे खरं. पण त्या सायकलमध्ये कपड्यांच्या मानाने पाणी खूप जास्त घेतलं जातं, आणि तूस काढण्यात ड्रमच्या फिरण्यापेक्षा पाण्याचा हात मोठा आहे. जास्त पाणी विणीतून आरपार जातं आणि सैल झालेले तंतू बरोबर घेऊन जातं. न्यूकॅसल विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात भरपूर पाण्याच्या नाजूक सायकलमधून कमी पाण्याच्या नेहमीच्या सायकलपेक्षा सरासरी ८ लाख तंतू जास्त सुटले.

याच कारणाने दोन टीशर्टांसाठी मशीन लावू नका. ड्रम भरलेला असला की कपड्यामागे पाणी कमी येतं. भरलेला म्हणजे कोंबलेला नव्हे, वर हाताचा पंजा आडवा जाईल इतकी जागा हवी, नाहीतर कपडे स्वच्छ निघत नाहीत आणि परत धुवावे लागतात.

फ्रंट लोड आणि टॉप लोडमध्येही फरक पडतो. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१६ मध्ये कृत्रिम धाग्यांची जॅकेटं दोन्ही प्रकारांत धुतली, तेव्हा मधोमध दांडा फिरणाऱ्या टॉप लोडमधून सुमारे सातपट तूस निघाला. हे वाचून चालतं मशीन मोडीत काढू नका. पुढचं घ्याल तेव्हा लक्षात असू द्या.

निवांत

अरे देवा. मी व्यायामाचे सगळे कपडे कायम नाजूक सायकलवर धुते, तेही अर्ध्या ड्रममध्ये, का तर कपडे टिकावेत. आजपासून बंद.

पाणी थंड की गरम, याने किती फरक पडतो?

यंत्रमित्र

निवांत, पडतो. नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात ४० अंशांवर ८५ मिनिटं आणि १५ अंशांवर ३० मिनिटं अशी तुलना आहे. थंड आणि छोट्या सायकलमध्ये तूस सुमारे ३० टक्के कमी. घामाचे रोजचे कपडे त्यात स्वच्छ निघतात. आजारपणातले किंवा तेलकट कपडे गरम पाण्यातच धुवायला हवेत, तिथे हट्ट करू नये.

शंकेखोर

विषय महत्त्वाचा आहे, पण मला एक गोष्ट खटकते, ती मांडतो. यंत्रमित्र यांनी सांगितलेल्या नॉर्थम्ब्रियाच्या त्याच अभ्यासात लोकांच्या घरातली खरीखुरी ७९ धुणी तपासली होती. दर किलो कपड्यामागे सरासरी ११४ मिलिग्रॅम तूस निघाला. त्यातला ९६ टक्के नैसर्गिक होता: सूत, लोकर, लाकडाच्या लगद्यापासूनचं व्हिस्कोस वगैरे. कृत्रिम फक्त ४ टक्के. त्याच वर्षी सुआरिया आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या समुद्रांच्या पाण्यातले सुमारे २,००० तंतू तपासले. त्यात कृत्रिम ८.२ टक्के, प्राणिज १२.३ टक्के आणि सेल्युलोजचे, म्हणजे सुतासारखे वनस्पतींपासूनचे, ७९.५ टक्के. मग सगळं बोट पॉलिएस्टरकडेच का? आणि टायरच्या झिजेबद्दल कोणी बोलत नाही, त्याचं काय?

रानवेल

शंकेखोर, टायरचा मुद्दा रास्त आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ च्या अहवालात समुद्रात जाणाऱ्या प्राथमिक (म्हणजे सुटतानाच बारीक असलेल्या) मायक्रोप्लास्टिकचा अंदाज दिला होता. सुमारे ३५ टक्के कृत्रिम कपड्यांच्या धुण्यातून, २८ टक्के टायरांतून. दोन्ही मोठे आहेत. पण टायरची झीज अडवायला मला घरात काही करता येत नाही, धुण्याचा पाइप मात्र माझ्या हातात आहे. म्हणून मी त्याबद्दल विचारलं. नैसर्गिक तंतूंच्या आकड्यांचं उत्तर माझ्याकडे नाही, जाणकारांनी द्यावं.

सूतकताई

मी सूतगिरणीत आणि नंतर कापडाच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे. शंकेखोर यांचे आकडे बरोबर आहेत, पण टक्केवारी कशातली आहे ते बघा. सुआरिया यांनी सगळे तंतू मोजले, त्यात कृत्रिम किती ते सांगितलं. २०२१ मध्ये पीटर रॉस यांच्या गटाने आर्क्टिकच्या पाण्यातलं फक्त मायक्रोप्लास्टिक मोजलं, त्यात ९२ टक्के कृत्रिम तंतू निघाले, आणि त्यातही पॉलिएस्टर सर्वांत पुढे. एव्हरेस्टवर ८,४४० मीटर उंचीच्या बर्फातही पॉलिएस्टरचे तंतू सापडले आहेत. म्हणजे तंतूंमध्ये प्लास्टिक कमी, पण प्लास्टिकच्या कणांमध्ये तंतू फार. ही दोन विधानं एकमेकांना खोडत नाहीत.

दुसरं, सुती तंतू कुजतो. रंग आणि फिनिश चढवलेला सावकाश कुजतो, पण जिवाणूंना तो खाता येतो. पॉलिएस्टर तसंच राहतं. आज सुटलेला तंतू कालच्यात मिळवला जातो, वजा काही होत नाही. माझी काळजी या साठण्याची आहे.

म्हणून मी 'सुती घ्या आणि सुटा' असंही म्हणणार नाही. त्यापेक्षा कापड कसं बनलं आहे ते बघा. याबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कृत्रिम धागा दोन तऱ्हांनी बनतो. एक, अखंड तंतू: कारखान्यात निघतो तसाच लांबच लांब, मैलोन् मैल न तुटलेला. दुसरा, त्याच तंतूचे कापसाच्या लांबीएवढे आखूड तुकडे करून पुन्हा सूत कातायचं, म्हणजे कापड हाताला मऊ आणि सुती लागतं. या दुसऱ्या सुताच्या अंगावर हजारो टोकं उघडी असतात. उघडं टोक म्हणजे सुटायला तयार तंतू. सूत सैल पिळाचं असेल तर आणखी सोपं. फ्लीसमध्ये तर कापडाला मुद्दाम तारेच्या कुंचल्यांनी खरवडून लव वर काढतात. ज्या गुणासाठी आपण फ्लीस घेतो, तोच गुण तूस सोडतो. तुमचं निळं जॅकेट बिघडलेलं नाही, ते बनवलंच तसं आहे.

कडा हा वेगळाच विषय. स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेने २०२० मध्ये दाखवलं की कात्रीने कापलेल्या पॉलिएस्टर कापडातून लेसरने कापलेल्या कापडापेक्षा ३ ते २१ पट तंतू सुटतात. लेसरने कड वितळून बंद होते. म्हणजे धुण्यातून निघणारा बराचसा तूस कपडा शिवतानाच आत अडकलेला असतो. नव्या कपड्याची पहिली काही धुणी सर्वांत जास्त तूस देतात ती त्यामुळेच, मग प्रमाण उतरत जातं.

आता यातून घरासाठी काय निघतं? जुना कृत्रिम कपडा फेकून नवा 'चांगला' घेऊ नका. जुन्याचा बराच तूस सुटून गेलेला आहे, नव्याचा सुरू व्हायचा आहे. नवं घ्यायचं असेल तर घट्ट विणीचं, गुळगुळीत, तुळतुळीत लागणारं घ्या. दुकानात कापड दोन बोटांत घासून बघा. लगेच लव वर आली किंवा गोळे धरायला लागले, तर ते मशीनमध्येही तेच करणार.

रानवेल यांच्या गाळण्याबद्दल एक दुरुस्ती. कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंची जाडी साधारण १२ ते १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. घरच्या कापडातून त्यातले कितीतरी उभे निघून गेले असतील. तुमच्या हरभऱ्याएवढ्या गोळीत फक्त अडकलेले आले. शिवाय पांढऱ्या कापडाचे स्वतःचे तंतूही त्यात मिसळले असणार.

रानवेल

सूतकताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गोळी बघून मला वाटलं होतं सगळं आलं. मनापासून आभार.

पारवा

सूतकताईंचा प्रतिसाद साठवून ठेवला.

माझा प्रश्न हाताने धुण्याबद्दल. आमच्याकडे मशीन नाही, सगळं हाताने. आम्ही या यादीत कुठे बसतो?

सूतकताई

पारवा, चांगल्या जागी. चीनमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये याची थेट तुलना केली. शंभर टक्के पॉलिएस्टरचं कापड हाताने धुतलं तेव्हा सरासरी १,८५३ तंतू सुटले, मशीनमध्ये २३,७२३. पण कसं धुता यावर बरंच ठरतं. आधी भिजत घातलं, जास्त साबण वापरला, खाचांच्या फळीवर घासलं की हाताच्या धुण्यातही तंतू वाढले, मशीनइतके नाहीत तरी. कृत्रिम कपड्याला भिजवण्याची गरज फारशी नसते, मळ त्याच्या आत मुरत नाही. कॉलर आणि काखेची जागा तेवढी हाताने चोळा, बाकी नुसतं बुचकळून काढलं तरी चालतं. ब्रश शक्य तितका टाळा.

पारवा

भिजत घालणं ही आमची जुनी सवय आहे, रात्रभर. कृत्रिम कपडे आता वेगळे काढेन.

धाकटी_लाट

मला एक कबूल करायचं आहे, कारण इतर कोणी तीच चूक करत असेल तर थांबेल. मी तंतू अडवणारी जाळीची पिशवी घेतली होती, ज्यात कपडे घालून पिशवीसकट मशीनमध्ये टाकतात. सात-आठ महिने मोठ्या समाधानाने वापरली. दर धुण्यानंतर ती पिशवी उलटी करून नळाखाली स्वच्छ धुवायचे. एका मैत्रिणीने ते बघितलं आणि विचारलं, "अगं, ते पाणी कुठे गेलं?" मी गप्पच झाले. सात-आठ महिने जे पकडलं होतं ते मी स्वतःच्या हातांनी त्याच नळीत सोडलं होतं. ते आठवलं की अजून जिवाला लागतं.

आता पिशवी आधी पूर्ण वाळू देते. तूस कोपऱ्यांत आणि शिवणीला जमतो, वाळला की चिमटीने सहज निघतो. ओला असताना काढायला गेलं की पसरतो.

रानवेल

धाकटी_लाट, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मीसुद्धा गाळायचं कापड पहिल्या खेपेला बेसिनमध्ये झटकणारच होते.

यंत्रमित्र

पिशवीची गोष्ट निघाली म्हणून. नॅपर, थॉम्पसन यांनी २०२० मध्ये सहा साधनांची तुलना केली. मशीनबाहेर जोडायच्या सर्वांत चांगल्या फिल्टरने तूस ७८ टक्के कमी झाला. पिशव्यांपैकी सर्वांत चांगलीने ५४ टक्के, दुसरीने फक्त २१. ड्रममध्ये टाकायच्या काटेरी चेंडूने ३१. म्हणजे पिशवी-पिशवीतही अडीचपट फरक आहे, जाळी किती बारीक ते बघून घ्या. पिशवीचा आणखी एक फायदा असा की आत कपडे एकमेकांवर कमी घासतात, त्यामुळे मुळात तूसच कमी सुटतो. चेंडू वापरायला सर्वांत सोपा.

बाहेरचा फिल्टर लावणार असाल तर माझ्या अनुभवाचे चार शब्द. तो सांडपाण्याच्या पाइपला जोडून भिंतीवर बसवतात. पंपाला पाणी ठरावीक उंचीपर्यंतच ढकलता येतं, त्यामुळे मशीनच्या पुस्तिकेत पाइपची जास्तीत जास्त उंची दिलेली असते, त्याच्या वर फिल्टर टांगू नका. जाळी भरली की दोनपैकी एक होतं: बऱ्याच फिल्टरांना बगलेची वाट असते, तिथून पाणी न गाळता निघून जातं, आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. ती वाट नसली तर पाणी तुंबतं, पंपावर ताण येतो आणि मशीन मध्येच थांबतं. दोन-तीन धुण्यांमागे एकदा उघडून साफ करणं हे रोजच्या कामात बसत असेल तरच लावा. फ्लीस किंवा ब्लँकेट धुतलं असेल तर त्याच दिवशी उघडा. मी स्वतः लावून दिलेले काही फिल्टर पुढच्या भेटीत गच्च भरलेले आणि विसरलेले बघितले आहेत. वाईट वाटतं.

निवांत

आणि पकडलेला तूस? बरणी भरली की?

पाणवठा

मी सांडपाणी प्रक्रियेत काम करतो, यावर बोलू शकतो. तूस झाकणाच्या डब्यात साठवा, भरला की पिशवीत घट्ट बांधून सुक्या कचऱ्यात द्या. उघडा टाकलात तर वाऱ्याने उडतो. कंपोस्टमध्ये अजिबात नको. कृत्रिम आणि सुती एकत्र असतो, वेगळा करता येत नाही, आणि एकदा मातीत गेला की गेला. घरी जाळूही नका, पॉलिएस्टर आणि ॲक्रिलिकचा धूर घातक असतो.

लोक मला विचारतात, पाणी प्रक्रिया केंद्रात जातं ना, मग काळजी कशाची? तर ऐका. ग्लासगोजवळच्या एका केंद्राचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ते केंद्र साडेसहा लाख लोकांचं सांडपाणी घेतं. तिथे ९८.४ टक्के मायक्रोप्लास्टिक अडलं. ऐकायला झकास. पण उरलेल्या दीड टक्क्यातून दिवसाला ६.५ कोटी कण नदीत जात होते. पाण्याचा आकारच इतका मोठा असतो की छोटा टक्का मोठा होतो.

आणि अडलेले ९८ टक्के कुठे गेले? गाळात. हा प्रश्न आमच्या क्षेत्राबाहेर कोणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. प्रक्रिया केंद्राचा गाळ अनेक देशांत खत म्हणून शेतात टाकतात, कारण त्यात नत्र आणि स्फुरद असतं. त्याच्याबरोबर तंतूही शेतात. केंद्र तंतू नष्ट करत नाही, त्याचा पत्ता बदलतं. जिथे सांडपाणी प्रक्रियेविनाच नदीत जातं तिथे तर काही अडतच नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे: तूस मशीनपाशीच अडवला पाहिजे, पाण्यात मिसळून पातळ व्हायच्या आधी. याला पुरावाही आहे. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये पॅरी साउंड नावाचं छोटं गाव आहे. तिथे ९७ घरांत मशीनला फिल्टर बसवले, म्हणजे गावातल्या साधारण दहा टक्के घरांत. प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातले तंतू ४१ टक्क्यांनी उतरले. २०२१ मध्ये हा अभ्यास छापून आला. घरातल्या फिल्टरचा परिणाम गावाच्या नळीच्या दुसऱ्या टोकाला मोजता आला, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

शंकेखोर

पाणवठा, ९७ घरं आणि ४१ टक्के हे मला माहीत नव्हतं. माझी शंका मागे घेत नाही, नैसर्गिक तंतूही मोजले पाहिजेत असं अजून म्हणतो. पण फिल्टर तर दोन्ही अडवतो. तेव्हा त्या बाबतीत आपलं भांडण नाही.

मग सरळ प्रश्न: हा फिल्टर कारखान्यातच मशीनच्या आत का बसवत नाहीत? प्रत्येकाने भिंतीला डबा टांगायचा आणि आठवणीने साफ करायचा, यावर जग कसं चालणार?

पाणवठा

प्रयत्न झाले आहेत. फ्रान्सने २०२० च्या कचराविरोधी कायद्यात १ जानेवारी २०२५ पासून नव्या मशीनला तंतू अडवणारा फिल्टर हवा असं लिहिलं, पण अंमलबजावणीचे नियम वेळेत निघाले नाहीत. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये विधेयक मंजूर केलं होतं: २०२९ पासून नव्या मशीनमध्ये १०० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक जाळी. गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला.

निवांत

घरात लहान बाळ आहे म्हणून विचारते. पाण्याचं कळलं. हवेतून?

सूतकताई

निवांत, हवेतूनही सुटतात. इटलीतल्या फ्रान्चेस्का दे फाल्को आणि सहकाऱ्यांचा २०२० चा अंदाज असा की पॉलिएस्टरचे कपडे वापरणारा एक माणूस वर्षाला धुण्यातून सुमारे ३० कोटी तंतू पाण्यात सोडतो आणि नुसतं अंगावर घालून ९० कोटींहून जास्त हवेत. गरम हवेचा ड्रायर असेल तर त्याची नळी बाहेर तंतू फेकते. हाँगकाँगच्या अभ्यासात एका ड्रायरमागे वर्षाला १२ कोटींपर्यंत तंतू निघाले. शक्य असेल तेव्हा दोरीवर वाळवा. ड्रायर लागतोच तर त्याची जाळी दर वेळी कोरडीच साफ करा, नळाखाली नको.

तंतूंमुळे फुप्फुसाचा आजार होतो हे १९९०च्या दशकात नायलॉनच्या मखमली कापडाच्या कारखान्यांत दिसलं होतं. तिथे कामगार बारीक कापलेल्या तंतूंच्या धुळीत रोज तासन् तास काम करत. घरातली हवा म्हणजे तो कारखाना नव्हे, तेव्हा घाबरून जाऊ नका. खिडक्या उघड्या ठेवा, केर काढण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा, बाळाच्या अंगाला लागणारं पांघरूण लव सोडणारं नको. एवढं पुरे.

धाकटी_लाट

म्हणजे बाळाला फ्लीसचं पांघरूणही नको. मीही बदलते. (आमचं मूल मोठं झालंय, पण भाचीसाठी.)

रानवेल

दोन आठवड्यांनी परत लिहिते. काय केलं ते सांगते. नाजूक सायकल बंद. कृत्रिम कपडे वेगळे काढून ड्रम भरेपर्यंत थांबते, मग थंड पाणी, अर्धा तास. फ्लीसचं जॅकेट दर आठवड्याला धुवायचे, आता हवेवर टाकते आणि डाग पडला तरच धुते. सगळ्यांत मोठा फरक याचाच पडला असावा, आणि काही विकत घ्यावं लागलं नाही. बाहेरचा फिल्टर यंत्रमित्र यांच्या सांगण्याप्रमाणे उंची मोजून बसवला. रविवारी उघडते. पहिल्या रविवारी उघडला तेव्हा राखाडी चिखलासारखा थर होता, निळा नव्हे. सगळ्यांचे कपडे एकत्र झाले की रंग असाच होत असणार. तो वर्तमानपत्रावर वाळवून बरणीत भरला.

पण शंकेखोर यांचा प्रश्न मनातून जात नाही. म्हणून माझ्या मशीनच्या कंपनीला पत्र लिहिलं आहे. पाठवायच्या आधी इथे टाकते, काही सुटलं असेल तर सांगा.

"आपलं मशीन मी सहा वर्षं वापरते आहे आणि समाधानी आहे. कृत्रिम कपड्यांच्या धुण्यातून सुटणारे तंतू अडवणारा फिल्टर आपल्या कोणत्याही मॉडेलमध्ये आतच बसवलेला आहे का? नसल्यास तो कधीपर्यंत देण्याचा विचार आहे? सध्याच्या मशीनला बाहेरून फिल्टर जोडल्यास आपली हमी कायम राहते का? सर्वांत कमी पाणी वापरणारी सायकल कोणती, हे पुस्तिकेत लिहिलेलं नाही, ते कृपया कळवावं. मी पुढचं मशीन घेताना या उत्तरांवरून ठरवणार आहे."

यंत्रमित्र

हमीचा प्रश्न विचारलात ते उत्तम, तो फार जण विसरतात. एक ओळ वाढवा: फिल्टर भरल्याचं मशीननेच दिवा लावून सांगावं, आणि बगलेची वाट असेल तर ती उघडल्याचंही.

धाकटी_लाट

आणि तो नळाखाली न धरता, कोरडा साफ करता यावा. हे नक्की घाला.

रानवेल

दोन्ही घातलं. आज पाठवते. उत्तर आलं की याच धाग्यावर लिहीन. ज्यांना आपापल्या कंपनीला पाठवायचं आहे त्यांनी मजकूर खुशाल उचलावा, फक्त वर्षं आपली घाला.